चौदा मिनिटांची दमछाक

रग्बीचा मोठा सामना ८० मिनिटें चालतो आणि त्यांत प्रत्येक बाजूला १५ गडी असतात. सात-सात गड्यांचा सामना मात्र १४ मिनिटांचा. ७ मिनिटांचे दोन डाव आणि मध्यें थोडकासा विसांवा. हें ऐकून कोणासही वाटेल कीं, मोठ्या खेळाची ही लुटुपुटूची आवृत्ति असावी. पण ज्याचा जन्म गणित शिकविण्यांत गेला, त्याला येथें आधीं भागाकार करून पाहावासा वाटतो.

मैदान दोन्ही खेळांना एकच: १०० मीटर लांब आणि फार तर ७० मीटर रुंद. तेथें ३० गडी असतां प्रत्येकाच्या वांट्याला सुमारें २३३ चौरस मीटर जागा येते. १४ असतां ५००. राखावयाची जागा दुपटीहून अधिक, आणि आपली चूक सांवरून घेणारा सोबती दूर. एकाची पकड सुटली कीं प्रतिपक्षी मोकळ्या रानांतून थेट रेषेपार! म्हणून दमलेल्यालाही उठून धांवावेंच लागतें.

शरीराची अडचण येथेंच आहे. वेगाच्या धांवेसाठीं स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन नांवाचें द्रव्य सांठलेलें असतें. तो सांठा कांहीं सेकंदांतच उतरतो आणि पुरता भरून यावयास कांहीं मिनिटें लागतात. इतकी सवड येथें कोण देणार? मग स्नायु साखरेवर काम भागवितात. परंतु प्राणवायूचा पुरवठा त्या वेगाला पुरा पडत नाहीं, आम्लता वाढते, पाय जड होतात, छाती भात्यासारखी चालूं लागते. अशा अवस्थेंत समोरून येणारा धिप्पाड गडी खांद्यानें अडवून पाडावयाचा, लगेच उठावयाचें आणि पुन्हां धांवावयाचें. निव्वळ धांवपटु येथें टिकत नाहीं. निव्वळ पैलवानही नाहीं.

दुखापती बहुतेक या पकडींतच होतात. थकव्यानें मान व खांदा यांची ठेवण बिघडते आणि डोकें भलत्याच बाजूला जातें. मेंदूला हिसका बसल्याचा नुसता संशय आला तरी गड्यास बाहेर काढतात व त्या सामन्यांत पुन्हां उतरूं देत नाहींत. मुलांना या खेळाला धाडणाऱ्या पालकांनीं हा नियम पाळला जातो कीं नाहीं, तें स्वतः पाहावें.

एका सामन्यावर सुटका होत नाहीं, ती वेगळीच गोष्ट. स्कॉटलंडांतील मेलरोझ गांवीं १८८३ सालीं नेड हेग या खाटकानें क्लबासाठीं पैसे उभारावयास हा प्रकार सुचविला. सगळी स्पर्धा एका दिवसांत उरकावयाची, म्हणून सामने आंखूड केले. स्नायूंचा विचार त्यानें केला नसावा! आजही ऑलिंपिकमध्यें अंतिम फेरी गांठणाऱ्या संघाला सहा सामने खेळावे लागतात, बहुधा दिवसाला दोन. मधल्या तासांत अंग थंड पडतें, आंखडतें. तें पुन्हां तापवावें लागतें.

फिजीच्या संघानें यासाठीं सिंगाटोका येथील वाळूच्या टेकड्या गांठल्या. वाळूंत पाय रुततो, प्रत्येक पावलाला अधिक बळ लागतें, पण सांध्यांना हादरा कमी बसतो. २०१६ सालीं रिओ येथें या संघानें ब्रिटनला ४३-७ असें हरवून फिजीला ऑलिंपिकचें पहिलें पदक मिळवून दिलें, आणि तें सुवर्णाचें. टोकियोच्या स्पर्धेंत, २०२१ सालीं, त्यांनीं तें राखलें. २०२४ सालीं पॅरिसला मात्र अंतिम सामन्यांत फ्रान्स वरचढ ठरलें.