वारा म्हणाला, थांब!

सकाळी सव्वाआठची मुंबई-नागपूर फ्लाइट. नागपुरात अकरा वाजता बाबांची अँजिओप्लास्टी. गणित एकदम परफेक्ट जुळवलेलं. म्हणजे, विमान वेळेवर सुटलं तर!

जुलैचा दिवस. पहाटेपासून पाऊस झोडपत होता, पण आमचं विमान रनवेजवळच्या रांगेत पोचलं तेव्हा चक्क थांबला. आणि नेमकी तेव्हाच कॅप्टनची अनाउन्समेंट. वारा जोराचा आहे, मध्येच झोत येतायत, दिशाही बदलतेय, आपण थांबतोय. शेजारचे काका भडकले, ‘अहो, पाऊस तर गेला! आता वाऱ्याचं काय घेऊन बसलात?’ खोटं कशाला बोलू, मीही एअर होस्टेसवर आवाज चढवला. तब्बल ५५ मिनिटं तिथेच. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा बाबांना आत नेलेलं होतं. ‘आली का गं ती?’ असं दोनदा विचारून गेले, आई म्हणाली.

तो राग डोक्यात ठेवूनच मुंबईला परतल्यावर एका कॉलेजच्या मित्राला गाठलं. तो आता फर्स्ट ऑफिसर आहे. कॉफी माझी, क्लास त्याचा!

पतंगाचा फंडा

‘वारा पडला की पोरं मांजा धरून का पळतात?’ त्यानं सुरुवात केली. पतंगाला वारा मिळावा म्हणून. विमानही रनवेवर तेच करतं. समजा, उडायला पंखांवरून १४० नॉट, म्हणजे ताशी साधारण २६० किलोमीटर वेगानं हवा जायला हवी. समोरून २० नॉटचा वारा असेल तर जमिनीवर १२० नॉटचा वेगही पुरतो. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर १६० लागतो आणि रनवेही जास्त खर्च होतो. म्हणूनच बहुतेक प्रवासी जेटना पाठच्या वाऱ्याची मर्यादा १० ते १५ नॉट एवढीच असते.

मुंबईच्या मुख्य रनवेच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ हा नंबर आहे. २७ म्हणजे २७० अंश, म्हणजेच पश्चिम. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, म्हणून तेव्हा विमानं सहसा पश्चिमेकडे तोंड करून, जुहूच्या दिशेनं उडतात.

मग प्रॉब्लेम कुठे?

प्रॉब्लेम आडव्या वाऱ्याचा. तो विमानाच्या उभ्या शेपटाला ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळायला बघतं. पायलट रडरनं ते सरळ ठेवतो. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि ओल्या रनवेवर टायरची पकड कमी, म्हणून ती मर्यादा आणखी खाली येते. काकांचा पाऊस थांबला होता, रनवे मात्र ओलाच होता!

त्यात झोत आले तर? २० डिसेंबर २००८, डेन्व्हर. कॉन्टिनेंटलच्या बोइंग ७३७ ला टॉवरनं वारा २७ नॉट असल्याचं सांगितलं होतं. धावताना ४५ नॉटचा आडवा झोत बसला, विमान रनवेवरून डावीकडे घसरलं आणि पेटलं. सुदैवानं आतले सगळे ११५ जण वाचले. ऐन झोतात कॅप्टननं उजवा रडर सोडला, असं चौकशीत निघालं. पण विमानतळावरच्या दुसऱ्या सेन्सर्सना जास्त वारा दिसत होता आणि तो आकडा पायलटांपर्यंत पोचलाच नाही, हेही निघालं.

त्याहून वाईट म्हणजे विंडशिअर, वारा अचानक उलटणं. समोरचा वारा क्षणात पाठीमागचा होतो आणि पंखांखालचा आधारच जातो. ९ जुलै १९८२ ला न्यू ऑर्लिन्सजवळ पॅन अ‍ॅमचं विमान उड्डाण करताच याच कारणानं कोसळलं. विमानातले १४५ आणि जमिनीवरचे ८ जण गेले.

‘मग धावता धावता ब्रेक मारायचा ना!’ मी म्हटलं. तो हसला. प्रत्येक टेक-ऑफला ‘व्ही-वन’ नावाचा एक वेग ठरलेला असतो. तोपर्यंत थांबता येतं. त्यानंतर इंजिन बंद पडलं तरी उडायचंच, कारण थांबायला रनवे उरलेला नसतो. हातात असतात ते काही सेकंद. म्हणून वाऱ्याचा हिशोब विमान उभं असतानाच करायचा.

थोडक्यात, आम्ही ज्याला टाइमपास समजून बोंबलत होतो, ती ५५ मिनिटं कॅप्टन कामच करत होता.

बाबा रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. परतवाडा-चिखलदरा घाटात धुकं उतरलं की गाडी बाजूला लावायचे आणि पॅसेंजरच्या शिव्या खायचे. अँजिओप्लास्टीनंतर शुद्धीवर असलेल्या बाबांना मी भेटले, तेव्हा रडवेल्या आवाजात विमानाची तक्रारच केली होती. त्यांनी माझा हात धरून एवढंच विचारलं, ‘थांबला न तो? मंग बरं केलं त्यानं.’

तेव्हा मला ते नुसतं समजूत घालणं वाटलं होतं.