सही शिकलो, तर मशीन अंगठा मागते!

वाचकहो, आम्हाला कात्रणे जमविण्याचा नाद आहे. जगात कुठे काही अजब घडले की ती बातमी कापायची, मागे तारीख टाकायची आणि फाईलला लावायची. आमच्या गृहमंत्री या फाईलला 'रद्दी' म्हणतात, आम्ही 'संग्रह' म्हणतो. दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी या विषयावर आमच्या घरात चर्चासत्र होते. आजवर फाईल वाचली आहे, हे आम्ही नम्रपणे नमूद करतो.

परवा फाईल चाळताना ध्यानात आले, की आमच्याकडे नुसत्या अंगठ्याच्या बातम्यांचाच एक गठ्ठा झाला आहे. अंगठा म्हणजे आपल्या हाताचा अंगठा. तेव्हा म्हटले, या खेपेला वाचकांपुढे अंगठाच ठेवावा. (दाखवावा असे म्हटले नाही, याची नोंद घ्यावी.)

पण बातम्यांआधी आमच्या वस्तीतल्या एका मावशींची हकीकत सांगायला हवी.

मावशी आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. उभी हयात कष्टात गेली. आधी सिन्नरला बिड्या वळल्या, मग नाशिकला आल्यावर द्राक्षबागेत आणि कांद्याच्या खळ्यावर मजुरी केली. साक्षरता अभियानाच्या दिवसांत वस्तीतल्या विहारात रात्रीचा वर्ग चालायचा. दिवसभर काम करून मावशी तिथे पाटी घेऊन बसायच्या आणि तीन महिन्यांत सही करायला शिकल्या. त्या दिवशी त्यांनी वर्गात सर्वांना गूळ वाटला होता. "आता माझा अंगठा सुटला रे भाऊ," असे त्या आम्हाला म्हणाल्या होत्या. अंगठेबहाद्दर हा शब्द ज्यांनी आयुष्यभर ऐकून घेतला, त्यांनाच त्या वाक्याची किंमत कळेल.

त्याच मावशी मध्यंतरी रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन तिसऱ्यांदा परत आल्या. आम्ही विचारले, "काय झालं मावशी?"

"थंब लागत नाही म्हणतो. मी म्हटलं, सही करते की! तर म्हणतो, सही चालत नाही."

घ्या! चाळीस वर्षे झटून माणूस अंगठ्यावरून सहीवर आला आणि मशीन त्याला पुन्हा अंगठ्यावर घेऊन गेले. विज्ञानाची प्रगती म्हणतात ती हीच असावी.

हा नाद लागला कसा?

अंगठ्याचा हा कारभार विलायतेहून आला असे आपल्याला वाटते, पण त्याचा उगम आपल्याच देशातला आहे. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अंमलदार होता. रस्त्याच्या मालाचा पुरवठा करणारा राज्यधर कोनाई हा कंत्राटदार उद्या सही नाकारील, अशी त्याला धास्ती वाटली. म्हणून त्याने कोनाईचा अख्खा पंजाच शाईत बुडवून करारावर उठवून घेतला. म्हणजे पहिल्या दिवसापासून या विद्येचा पाया विश्वासाचा नसून संशयाचा आहे.

पुढे १८९७ साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. अशी ही जगातली पहिलीच. हजारो ठशांतून एक ठसा चटकन शोधायचा कसा, हा खरा प्रश्न होता. वर्गवारीची ती पद्धत बसविण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांचा मोठा वाटा होता. हकसाहेबांचे गणित पक्के होते. पण पद्धतीला नाव पडले ते त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे! हेन्रीसाहेब पुढे लंडनच्या पोलिसांचे प्रमुख झाले. काम कनिष्ठाचे आणि नाव वरिष्ठाचे, हा नियम आम्हा कारकुनांना नवा नाही. आमचे टिपण साहेबांच्या सहीने वर जाते तेव्हा आम्हाला हकसाहेबांची आठवण येते.

जगातले अंगठे

आता आमच्या फाईलमधील काही नमुने पाहा.

१९९६ साली ऑस्ट्रेलियातील अॅडलेड येथील संशोधकांनी जाहीर केले, की झाडावर राहणाऱ्या कोआला या प्राण्याच्या बोटांचे ठसे माणसाच्या ठशांशी इतके मिळतेजुळते असतात, की सूक्ष्मदर्शकाखालीही फरक करणे अवघड जावे. कोआलाला रेशनकार्ड नाही, नाहीतर त्याचा थंब पहिल्या झटक्यात लागला असता!

२००२ साली जपानमध्ये त्सुतोमु मात्सुमोतो या प्राध्यापकांनी जिलेटीनची बोटे तयार केली. जिलेटीन म्हणजे मुलांच्या जेलीच्या वड्यांत असते तेच. या खोट्या बोटांनी त्यांनी बाजारातील अनेक मशीन फसविली. थोडक्यात, जेलीचे बोट आत आणि मावशीचे बोट बाहेर.

२००५ साली मलेशियात चोरट्यांनी एक महागडी मोटार पळविली. ती मालकाच्या बोटाशिवाय सुरू होईना. चोरट्यांनी मालकाचे बोटच कापून नेले. एकलव्याची गोष्ट जुनी झाली असे ज्यांना वाटते त्यांनी ही बातमी वाचावी. एकलव्याच्या वेळी निदान गुरुदक्षिणा असे गोंडस नाव तरी दिले होते.

२००८ साली सिंगापूरचे ६२ वर्षांचे एक गृहस्थ नातेवाइकांना भेटायला अमेरिकेला गेले. विमानतळावर त्यांना चार तास अडकवून ठेवले, कारण मशीनला त्यांच्या बोटांवर रेघाच दिसेनात. कॅन्सरवरच्या एका गोळीमुळे त्यांच्या बोटांची कातडी सोलवटून रेघा पुसल्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी पुढे ही हकीकत वैद्यकीय मासिकात छापली आणि अशा रुग्णांनी प्रवासात डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे असे सुचविले.

आणि २०२० सालची बातमी बांगलादेशातील राजशाही भागातली. तिथे एका कुटुंबातील पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या बोटांवर रेघाच नाहीत. जन्मजात गुळगुळीत बोटे! वडिलांनी गाडी चालविण्याची परीक्षा दिली, पास झाले, फी भरली, पण ठसा नाही म्हणून लायसन मिळाले नाही. मुलांना मोबाईलचे सिमकार्ड आईच्या नावावर घ्यावे लागले. आईला रेघा होत्या म्हणून घर चालले.

कोथिंबीरताईंचे आधार

आता स्वदेशी माल. आधारचा श्रीगणेशा आपल्या महाराष्ट्रातच झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले आणि रंजना सोनवणे या बाईंना देशातील पहिला आधार क्रमांक मिळाला. नाशिकहून टेंभली फार लांब नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला स्वतःची ओळख मिळावी, त्याच्या नावाचे दुसऱ्याने खाऊ नये, ही कल्पना चांगलीच होती. बोगस रेशनकार्डांवर कोण पोसले गेले हे आपण डोळ्यांनी पाहिलेले आहे. तेव्हा आमचे भांडण त्या कल्पनेशी नाही.

पण पुढे काय झाले? २०१२ साली आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यात एक आधारकार्ड आले. नाव कोथिंबीर, वडिलांचे नाव पुलाव, गावाचे नाव कैरी आणि फोटोच्या जागी मोबाईलचे चित्र! आमच्या नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबिरीच्या जुड्यांचे रोज ढीग लागतात. भाव पडला की शेतकरी बिचारा जुड्या तशाच टाकून घरी जातो. त्या जुड्यांना कळले असते, तर त्याही नोंदणीला गेल्या असत्या.

२०१४ साली राजस्थानात सीकर जिल्ह्यात चक्क हनुमानाच्या नावाचे आधारकार्ड पोस्टात आले. वडिलांचे नाव पवन. पोस्टमन पत्ता शोधून थकला. २०१५ साली मध्य प्रदेशात भिंड जिल्ह्यात एकाने आपल्या कुत्र्याचे आधारकार्ड काढले. तो स्वतः नोंदणीच्या कामावर होता. पोलिसांनी त्याला पकडले. कुत्र्याबद्दल पुढे काही छापून आले नाही.

आता हिशेब पाहा. कोथिंबिरीला ओळख मिळाली, कुत्र्याला मिळाली आणि बिड्या वळून, कांदा निवडून ज्यांची बोटे झिजली त्या मावशीला मशीन म्हणते, तू ती नव्हेस. तेही कुठे, तर ज्या नाशिकरोडला देशाच्या नोटा छापल्या जातात आणि पासपोर्ट छापले जातात, त्या गावात!

झिजलेल्या बोटांचे शास्त्र

यात चमत्कार काही नाही. मशीन बोटावरच्या उंच-सखल रेघांचे चित्र घेते आणि साठविलेल्या चित्राशी ताडून पाहते. सतत घासून कातडी झिजली, पाण्या-साबणाने सुरकुतली, सिमेंटने वा चुन्याने फुटली, वयाने कोरडी पडली, की चित्र पुसट येते. म्हणजे थंब कोणाचा लागत नाही? विडी कामगाराचा, गवंड्याच्या हाताखालच्या बाईचा, धुणेभांडी करणारणीचा, म्हाताऱ्यांचा. आमच्यासारख्या कारकुनाचा मात्र लगेच लागतो. फायली उलटून बोटे झिजत नाहीत, हे आम्ही तीस दिवस हजेरीच्या मशीनवर सिद्ध करतो. जितके कष्ट जास्त तितकी ओळख कमी, असा हा उफराटा न्याय आहे.

आम्ही बी.कॉम. आहोत, म्हणून थोडे गणित मांडतो. समजा, मशीन शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर चालते. परीक्षेत असे मार्क मिळाले तर पेढे वाटू. पण दहा लाख माणसांनी अंगठा लावला, तर त्या एक टक्क्यात दहा हजार माणसे परत जातात. कागदावर तो एक टक्का असतो. घरात ती रिकामी पिशवी असते.

२०१७ साली झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी वारली. आधारशी न जोडल्यामुळे रेशनकार्ड रद्द झाले आणि पोर उपाशी गेली, असे घरच्यांचे म्हणणे. मलेरियाने गेली, असे सरकारचे म्हणणे. हे कात्रण आम्ही इतर कात्रणांत ठेवलेले नाही. ते पाहिल्यावर विनोद सुचत नाही.

कायदा काय म्हणतो?

दुकानदार 'वरून ऑर्डर आहे' म्हणतो. तेव्हा वरून कोणती ऑर्डर आहे तेही माहीत असावे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली, वयाची ऐंशी उलटल्यावर, आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सरकारी लाभांसाठी आधार वैध ठरविले. पण पडताळणी फसली एवढ्यावरून खऱ्या लाभार्थ्याला वंचित ठेवू नये, असेही त्यात बजावले. त्याआधी २४ ऑक्टोबर २०१७ रोजी आधार प्राधिकरणाने परिपत्रक काढले होते. त्याचा सारांश असा: एका बोटाने जमले नाही तर दुसरी बोटे घ्या, डोळ्याच्या बुबुळाने पाहा, मोबाईलवर क्रमांक पाठवा. काहीच जमले नाही तर कार्ड पाहून, अपवादाच्या नोंदवहीत नोंद करून धान्य द्या.

मोबाईलचा उपाय आम्ही मावशींना सुचविला. त्या म्हणाल्या, "नंबर नातवाचा दिलाय आणि नातू पुण्याला कंपनीत. तो डुटीवर फोन उचलत नाही." तोही मार्ग खुंटला.

मग आम्ही एका कागदावर साधा अर्ज लिहिला. परिपत्रकाची तारीख टाकली. खाली मावशींनी सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षरावर थांबत, जीभ दातांत धरून. एक प्रत दुकानात, एक तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत दिली आणि आमच्या प्रतीवर पोच घेतली. दोन खेपा वाया गेल्या. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने दहाही बोटे लावून पाहिली. डाव्या हाताच्या मधल्या बोटाने मशीन एकदा हो म्हणता म्हणता राहिले. शेवटी त्याने कपाटातून वही काढली, धूळ झटकली आणि नोंद केली. धान्य मिळाले. वहीत त्या पानावर पहिलीच नोंद मावशींची आणि तिच्यापुढे सही. अंगठा नाही, सही!

पण वाचकहो, मावशींजवळ अर्ज लिहिणारा शेजारी होता. ज्यांच्याजवळ नाही त्यांनी काय करायचे? म्हणून आपल्या वस्तीतल्या शिकलेल्या पोरांना एक विनंती आहे. दर महिन्याला धान्य वाटपाच्या दिवशी तासभर दुकानापाशी उभे राहा. कोण रिकाम्या हाताने परत जाते त्याचे नाव लिहून घ्या. दहाही बोटे लावून पाहायला सांगा, अपवादाची वही मागा, ती नसेल तर अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. आधारसाठी १९४७ आणि रेशनच्या तक्रारीसाठी १९६७ हे फोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना आधार केंद्रावर नेऊन बोटांचे ठसे आणि बुबुळे नव्याने नोंदवून आणा. मोबाईल नंबर घरात राहणाऱ्याचा द्या, पुण्यातल्या नातवाचा नको.

गेल्या रविवारी मावशी आमच्याकडे आल्या होत्या. टेबलावर हीच फाईल उघडी होती. कोआलाचे चित्र बघून त्यांनी विचारले, "हे काय अस्वल आहे का?" आम्ही सांगितले, याचा अंगठा माणसासारखा असतो. त्यांनी स्वतःचा अंगठा उजेडात धरून पाहिला, मग पदराला पुसला आणि म्हणाल्या, "शेजारची सखुबाई पण दोनदा परत आली रे भाऊ. तिचा अर्ज कधी लिहितोस?"

आम्ही फाईल मिटली आणि कागद काढला.