रिकेटी : मुडदुसातून आलेले विशेषण

पावसाळा तोंडावर आला की ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. नौपाडा-कोपरी प्रभागातील जुन्या इमारतींची नावे तीत हमखास आढळतात. इंग्रजी वृत्तपत्रांत अशा इमारतींच्या जिन्यांचे, सज्जांचे वर्णन करताना एक विशेषण वरचेवर योजले जाते : रिकेटी. उच्चारात आघात पहिल्या अक्षरावर. कोपरीतून स्थानकाकडे धावणाऱ्या रिक्षाशी मात्र त्याचे काही नाते नाही. रिक्षा हा शब्द जपानी भाषेतून आला.

रिकेटीचे मूळ एका रोगात आहे. रिकेट्स म्हणजे मुडदूस. ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांची हाडे मऊ राहतात, पाय वाकतात, चाल डगमगते. लंडनच्या मृत्युनोंदींत हे नाव 1634 साली आले आणि 1650 मध्ये फ्रान्सिस ग्लिसन या वैद्याने त्यावर लॅटिनमध्ये ग्रंथ लिहिला. त्याच शतकाच्या उत्तरार्धात 'मुडदूस झालेला' या अर्थी विशेषण रूढ झाले आणि पुढे ते खुर्ची, शिडी, पूल यांनाही लागले.

मराठीत त्याला सर्वांत जवळचा शब्द 'खिळखिळा'. ज्याचे सांधे सैल झाले आहेत, हात लावताच जे हलते, करकरते, ते रिकेटी. त्यामुळे 'अ रिकेटी स्टेअरकेस' योग्य. पण 'रिकेटी ग्लास' चुकीचे, कारण काच खिळखिळी नसते, ती ठिसूळ असते. लाक्षणिक अर्थाने आघाडी सरकारही रिकेटी असू शकते. तेथे 'डळमळीत' अधिक शोभते.

'डायलॅपिडेटेड' म्हणजे देखभालीअभावी मोडकळीस आलेले. त्यात दगडासाठीचा लॅटिन शब्द दडला आहे. 'फ्लिम्झी' म्हणजे तकलादू, मुळातच कच्चे. हा भेद केवळ कोशापुरता नाही. 2015 च्या जुलैअखेरीस ठाकुर्लीची मातृकृपा आणि आठवडाभरातच नौपाड्यातील कृष्णनिवास कोसळली. या जुन्या इमारती होत्या. उलट 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाटा येथे 74 जणांचा बळी घेणारी इमारत नवीन होती, तिचे काम अद्याप चालूच होते. तिला रिकेटी वा डायलॅपिडेटेड म्हणता येणार नाही. ती फ्लिम्झी होती.

पालिकेच्या कागदावर यातला एकही शब्द नसतो. तेथे सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडावयाची. सी-2ए रिकामी करून दुरुस्त करावयाची. सी-2बी रिकामी न करता दुरुस्त करावयाची. सी-3 किरकोळ दुरुस्तीची. रिकेटी हे डोळ्यांना आणि पावलांना जाणवणाऱ्या स्थितीचे वर्णन आहे, अभियंत्याचा निष्कर्ष नव्हे. रंगरंगोटी केलेल्या भिंतीआड गंजलेली सळई दिसत नाही. म्हणूनच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार 30 वर्षांहून जुनी इमारत, ती डोळ्यांना कितीही भक्कम वाटो, संरचना अभियंत्याकडून तपासून घ्यावी लागते.