पट्टीवरील रकाने

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

आमच्या घरी भिंतीतल्या खिळ्याला एक तार लटकवलेली आहे. बाजारातून आलेल्या हिशेबपट्ट्या त्या तारेला टोचून ठेवण्याची वडिलांची जुनी सवय. मी प्राथमिक शाळेत असताना वाचनाच्या सरावासाठी त्या पट्ट्या मोठ्याने वाचीत असे. एकदा मी विचारले, "दादा, अडत म्हणजे काय?"

"आपला माल विकून दिला म्हणून आपण द्यायचे ते."

"आणि घेणारा काय देतो?"

"तो भाव देतो," असे म्हणून ते हसले.

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला शासकीय नियमनाचा विषय निघाला आणि वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, नियम काढून टाका, म्हणजे व्यापार वाढेल. दुसरा म्हणे, नियम कडक करा, म्हणजे गरीब वाचेल. मला मात्र ती तार आठवली. शेती आणि बाजार हे दोन्ही विषय आपल्या राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत घातले आहेत. म्हणजे शेतमालाचा बाजार कसा चालावा हे ठरविणे मुख्यतः राज्य सरकारचे काम आहे. तेव्हा राज्याच्या नियमांत सुधारणा म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला बाजार समितीसारखे दुसरे उदाहरण नाही, असे मला वाटते.

प्रथम हे नियम आले कसे ते पाहू. आपल्या देशातील पहिला नियंत्रित बाजार वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ मध्ये सुरू झाला, तो कापसाचा. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. यामागे शेतकऱ्याचा कळवळा फारसा नव्हता. विलायतेतील गिरण्यांना चांगला कापूस रास्त दरात मिळावा ही खरी निकड होती. शेतकऱ्याच्या बाजूने विचार पुढे आला तो १९२८ च्या शाही कृषी आयोगाच्या अहवालानंतर. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये कायदा झाला. आज आपल्याकडे जो लागू आहे तो महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायदा १९६३ चा आहे.

त्यापूर्वीचा बाजार कसा होता याच्या गोष्टी जुनी माणसे अजून सांगतात. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. माल ज्याचा, तो शेतकरी समोर उभा असूनही त्याला भाव ऐकू येत नसे. वजनात कडता, नमुन्यासाठी मूठ-मूठ माल, धर्मादाय म्हणून आणखी काही. कायद्याने हे बदलायचे ठरविले. लिलाव उघड व्हावा, वजन प्रमाणित काट्यावर व्हावे, व्यापाऱ्याकडे परवाना असावा, विकल्या मालाचे पैसे उधार न ठेवता लगेच चुकते करावेत आणि तंटा झाल्यास समितीने तो मिटवावा. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आला, त्याने पाठीवर ओझे वाहणाऱ्यालाही काही हक्क मिळाला. हे सर्व नियम अर्थव्यवस्थेला जड झाले असे कोण म्हणेल? ज्याला वजनाची खात्री आहे तोच माल घेऊन दूरच्या बाजारात जाईल. विश्वास हेही एक भांडवल आहे, आणि ते नियमाने तयार होते.

पण याच कायद्यात दुसऱ्या प्रकारचाही नियम होता. ठरवून दिलेल्या क्षेत्रातला माल त्या बाजारातच, परवानाधारकांमार्फतच विकला पाहिजे. वजन-लिलावाचे नियम शेतकऱ्याला संरक्षण देणारे, तर हा त्याची वाट ठरवून देणारा. सुरुवातीला यातही अर्थ होता; सगळा माल एका जागी आला तरच देखरेख शक्य होती. पण वाट एकच असली की वाटेवर बसणाऱ्याचे महत्त्व वाढते. जुने परवानाधारक टिकले, नवा माणूस आत येणे अवघड झाले. घेणारे मोजके असले की उघड लिलावातही बोली वर चढत नाही. रुमाल नसला तरी समजूत पक्की असते. राज्यात तीनशेहून अधिक बाजार समित्या आहेत, परंतु एका शेतकऱ्याच्या बैलगाडीच्या किंवा टेंपोच्या टप्प्यात बहुधा एकच असते.

याचा अर्थव्यवस्थेशी संबंध काय? आमच्या तारेवरील २०१५ ची एक पट्टी माझ्यासमोर आहे. अडत, हमाली, तोलाई, वाराई असे चारही रकाने भरलेले. शेकडा दहा रुपयांच्या आसपास रक्कम तिथेच संपलेली, गाडीभाडे वेगळे. हे पैसे घरी आले असते तर आमच्या गावच्या दुकानात गेले असते, पाइपलाइनच्या दुरुस्तीला गेले असते, कदाचित बहिणीच्या शिक्षणाला. हमालाने घाम गाळला, त्याचा रुपया योग्यच. पण ज्या सेवेचा दर ठरविताना देणाऱ्याला विचारलेच जात नाही, ती सेवा नव्हे, तो एक प्रकारचा नाका आहे. असे नाके जितके अधिक, तितके पिकविणाऱ्याला कमी आणि खाणाऱ्याला महाग.

राज्याने सुधारणा केल्याच नाहीत असे नाही. २००३ मध्ये केंद्राने आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांना दिला आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलून खासगी बाजार व थेट खरेदी यांना वाट करून दिली. जुलै २०१६ मध्ये त्याहून मोठे पाऊल पडले. फळे, भाजीपाला, कांदा, बटाटा हे बाजार समितीच्या सक्तीतून मोकळे झाले, आणि या मालाची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. व्यापाऱ्यांनी विरोध म्हणून लिलाव बंद ठेवले, पण नियम टिकला. त्यानंतरच्या आमच्या पट्टीवर अडतीचा रकाना कोरा आहे. तो कोरा रकाना पाहून वडिलांना झालेला आनंद मला आठवतो.

येथेच लेख संपवता आला असता. परंतु तारेवर आणखी दोन कागद आहेत.

पहिली कच्ची पट्टी. छापील नव्हे, साध्या कागदावर लिहिलेली. तिच्यावर रकानेच नाहीत. "एकूण वजा" एवढाच एक आकडा. त्यात अडत आहे की नाही हे ना मला कळते, ना वडिलांना. मी म्हटले, "विचारा ना." ते म्हणाले, "भांडलो तर पुढच्या खेपेला माल कोण उतरवून घेईल?" कायदा बदलला तरी विक्रेत्यापुढे पर्याय नसेल तर कागदाचा रंग फक्त बदलतो.

दुसरा कागद वहीचे फाडलेले पान आहे. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने आमच्या बांधावरून माल उचलला. भाव बाजारापेक्षा बरा दिला, निम्मे पैसे रोख दिले आणि उरलेले आठ दिवसांनी देतो म्हणून पानावर आकडा व फोन नंबर लिहून दिला. तो फोन पुढे लागलाच नाही. वडील चौकशीला बाजार आवारात गेले, तेव्हा हा व्यवहार आमच्या आवारातला नाही असे उत्तर मिळाले. कायद्याने पाहता ते उत्तर बरोबरच होते. नाशिक भागात द्राक्ष बागायतदारांचे पैसे बुडवून व्यापारी पसार झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. वाट मोकळी झाली, पण वाटेवरचा दिवाही त्याबरोबर गेला.

बिहारने तर २००६ मध्ये बाजार समितीचा कायदाच संपूर्ण रद्द केला. सक्ती गेली, पण त्याबरोबर बाजाराची आवारे सांभाळणारी, लिलाव भरविणारी यंत्रणाही गेली. उलट बाजूला, केंद्राने २०२० मध्ये केलेले तीन कृषी कायदे मोठ्या आंदोलनानंतर २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले. ज्यांच्यासाठी सुधारणा करायची त्यांचा विश्वास नसेल, तर कायदा पुस्तकातही टिकत नाही.

म्हणून वर्गातील दोन्ही तटांना माझे नम्र उत्तर असे की, नियम किती आहेत हे मोजू नये. तो कोणाचे हात बांधतो हे पाहावे. जो नियम विक्रेत्याला एकाच दारात उभा करतो, तो सैल व्हावा. जो वजन, लिलाव आणि पैसे यांची हमी देतो, तो आवाराच्या भिंतीशी न थांबता मालाबरोबर बांधापर्यंत जावा. खरेदीदाराने अनामत रक्कम ठेवावी आणि त्या बदल्यात परवाना कोणालाही सहज मिळावा. पट्टी सर्वत्र एकाच नमुन्याची, छापील आणि प्रत्येक कपात वेगळी दाखविणारी असावी. आणि बाजार समितीच्या निवडणुकीत शेतकऱ्याला थेट मत असावे. २०१७ मध्ये दहा गुंठे जमीन असणाऱ्याला ते दिले होते. २०२० मध्ये परत काढून घेतले. ज्याच्या मालावर संस्था चालते, त्यालाच मत नसावे हे मला पटत नाही.

या सुधारणांना मोठा खर्च लागत नाही. लागते ते एवढेच की नियम करणाऱ्याने एकदा तरी पट्टी हातात घेऊन वाचावी. आमच्या घरात ती वाचणारी मी पहिली. फाटक्या पानावरचे आमचे पैसे अजून आलेले नाहीत, आणि ते कोणत्या कचेरीत मागायचे, हे कॉलेजात येऊनही मला वडिलांना सांगता आलेले नाही.