टेम्पल ग्रँडिन यांचे आलिंगनयंत्र

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, ही मेंदूच्या वाढीतील अशी वेगळी घडण आहे की तीत संवादाबरोबरच स्पर्श, आवाज आणि उजेड यांची जाणीवही निराळी होते. त्यामुळे पुष्कळ स्वमग्न मुलांना कुणी प्रेमाने जवळ घेतले तरी तो स्पर्श असह्य वाटतो, आणि तरीही गादीखाली शिरून पडणे किंवा स्वतःला पांघरुणात घट्ट गुंडाळून घेणे यांतून अंगभर दाबाची ओढ त्याच मुलांत दिसून येते. हलका, अचानक झालेला स्पर्श मज्जासंस्थेला सावध करतो, तर स्थिर आणि मोठ्या भागावर पसरलेला दाब, ज्याला खोल दाब म्हणतात, तिला शांत करतो, असे या विसंगतीचे स्पष्टीकरण दिले जाते. ही ओढ स्वतःच्या अनुभवातून ओळखून तिच्यासाठी यंत्र उभे करण्याचे काम अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन यांनी वयाच्या अठराव्या वर्षी केले.

1947 साली बोस्टन येथे जन्मलेल्या ग्रँडिन स्वतः स्वमग्न असून, वयात आल्यापासून त्यांना भीतीचे तीव्र झटके येत असत. अ‍ॅरिझोनातील मावशीच्या पशुपालन केंद्रावर गुरांना लस टोचताना ज्या खोड्यात अडकवत, त्याच्या दोन्ही बाजू आवळल्या की बिथरलेली काही गुरे निवळतात, हे त्यांच्या लक्षात आले. आपल्याकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांसमोरचा लोखंडी खोडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या उपकरणाची कल्पना येईल, फरक इतकाच की तिकडच्या खोड्याच्या भिंती आत सरकतात. ग्रँडिन यांनी स्वतः मावशीकडच्या खोड्यात शिरून पाहिले आणि पुढे माणसाच्या मापाचे यंत्र लाकडात बांधले.

पूर्ण विकसित स्वरूपात या यंत्राला तळाशी बिजागरीने जोडलेल्या आणि जाड फोमने मढवलेल्या दोन फळ्या असतात व त्यांच्यामधील खोबणीत वापरणारा पालथा पडून राहतो. हाताशी असलेला दांडा हलवला की दाबलेल्या हवेवर चालणारे सिलिंडर फळ्या जवळ आणते आणि शरीराच्या दोन्ही अंगांवर सारखा दाब पडतो. दाब किती, किती वेळ आणि केव्हा थांबवायचा, हे सर्व त्या दांड्यावर, म्हणजे आत असलेल्या व्यक्तीच्याच इच्छेवर अवलंबून असते, आणि यंत्राचे खरे मोल या एका गोष्टीत आहे, कारण इच्छेविरुद्ध दिलेला तोच दाब उपचार न राहता जबरदस्ती ठरतो.

1992 साली ग्रँडिन यांनी स्वमग्न रुग्ण, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि प्राणी या तिघांवरील खोल दाबाच्या परिणामांचा एकत्र विचार करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. 1999 साली प्रकाशित झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात 12 स्वमग्न मुलांपैकी काहींना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, 20 मिनिटे हे यंत्र दिले गेले आणि उरलेल्यांना दाब बंद ठेवलेले तेच यंत्र दिले गेले. दाब मिळालेल्या मुलांतील ताण कमी झाला व मुळात अधिक अस्वस्थ असलेल्यांना लाभ जास्त झाला. बारा मुलांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे मात्र विसरता कामा नये. याच तत्त्वावरच्या वजनदार पांघरुणांची 2014 साली 67 मुलांवर चाचणी झाली तेव्हा झोप मोजमापात सुधारली नाही, पण मुलांनी आणि पालकांनी तेच पांघरूण पसंत केले. ही पसंतीही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या यंत्राचा दुसरा परिणाम शिक्षणाशी निगडित असून तो उपचाराइतकाच मोलाचा आहे. काही मानसतज्ज्ञांना हे यंत्र विकृत वाटले व ते काढून घेण्याचे प्रयत्न झाले, परंतु शाळेतील विज्ञानशिक्षक विल्यम कारलॉक यांनी, दाबाने शांत का वाटते हे सिद्ध करायचे असेल तर विज्ञान शिकावे लागेल, अशी दिशा दाखवली. ध्यासाला अभ्यासाचा विषय करण्याच्या या एका कृतीतून फ्रँकलिन पिअर्स महाविद्यालयातील मानसशास्त्राची पदवी, 1975 साली पशुविज्ञानातील पदव्युत्तर पदवी आणि 1989 साली इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट ही वाट निघाली, आणि गुरे हाताळण्याच्या मार्गांची रचना हा त्यांचा व्यवसाय झाला. मुलाखतीत आपली छाप पडणार नाही हे ओळखून त्या स्वतःऐवजी आपले आराखडे लोकांपुढे ठेवत. स्वमग्न तरुणांनी नोकरी शोधताना कामाचे नमुने सोबत ठेवावेत, आणि वेळ पाळणे, वरिष्ठांचे ऐकणे व नीटनेटके राहणे या गोष्टी शिक्षण चालू असतानाच लहानमोठ्या कामांतून अंगी बाणवाव्यात, हा त्यांचा आग्रह त्या अनुभवातून आला असून 2004 साली सहलेखिकेसह लिहिलेले त्यांचे पुस्तक याच विषयाला वाहिलेले आहे.

त्यांचे स्वतःचे यंत्र पुढे मोडले आणि त्यांनी ते दुरुस्त केले नाही. आता माणसांची मिठी चालते, असे त्यांनी 2010 साली सांगितले. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील त्यांच्या वर्गात विद्यार्थ्यांना आजही गुरांच्या मार्गांचे आराखडे फूटपट्टीने, प्रमाणात काढावे लागतात.