पातेल्यातली मान, कुलपातला निबंध

गटारीच्या आदल्या दिवशी मी मटणाच्या दुकानात बोकडाची मान मागितली, तीही अख्खी. "अहो, तुकडे न करता कुकरात मावायची कशी?" दुकानदाराचं म्हणणं रास्त होतं. शेवटी मोठ्या पातेल्यात मंद आचेवर शिजवली. रस्सा घरच्यांनी ओरपला आणि माझ्या ताटलीत सहा मणके उरले. बोकड असो, माणूस असो की जिराफ, बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांच्या मानेत सातच मणके असतात. मग माझा सातवा गेला कुठे? दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. सगळ्यात वरचा मणका मुंडीला चिकटून दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेला होता.

हा उद्योग सुचला माइक टेलर आणि मॅट वेडल या जोडगोळीमुळे. टेलर इंग्लंडमधले प्रोग्रॅमर. पोट सॉफ्टवेअरवर, जीव डायनोसॉरवर, पीएच.डी.सुद्धा नोकरी सांभाळून केलेली. वेडल कॅलिफोर्नियात पोमोना इथे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवतात. दोघांनाही वेड सॉरोपॉडच्या मानेचं. सॉरोपॉड म्हणजे लांब मानेचे, चार पायांवर चालणारे अवाढव्य शाकाहारी डायनोसॉर. जिराफाची मान फार तर अडीच मीटरची. यांच्यातल्या काहींची पंधरा मीटरपर्यंत जायची. मामेनचिसॉरस या चिनी डायनोसॉरच्या मानेत तर एकोणीस मणके होते.

एवढी मान पेलायची कशी? डोकं लहान आणि हलकं, कारण हे प्राणी पाला चावत नसत, नुसता ओरबाडून गिळत. शिवाय मणके आतून पोकळ, पक्ष्यांसारखे हवेने भरलेले. वेडल यांच्या मोजणीत सॉरोपॉडच्या मणक्यात सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास हवाच निघाली.

खरी मेख पुढे आहे. जीवाश्मात हाड टिकतं, कूर्चा टिकत नाही. त्यामुळे संग्रहालयात मणक्याला मणका भिडवून उभी केलेली मान ही जिवंतपणीची मान नव्हेच. मधे किती जाडीची कूर्चा होती, यावर मान किती वर उचललेली असेल ते ठरतं. ती जाडी समजायची तर आजच्या प्राण्यांच्या माना सोलून पाहायला हव्यात. म्हणून टेलर यांच्या घरात टर्कीची मान शिजते, सोलली जाते, मोजली जाते. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याविषयीचा वाद असा स्वयंपाकघरात येतो, हे मला विलक्षण वाटतं.

करून पाहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पाणी खळखळा उकळू द्यायचं नाही. हाडं पांढरी करायला ब्लीच वापरायचं नाही, त्याने हाड खंगतं. हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. आणि हौस खाटकाच्या दुकानापुरतीच ठेवावी. रानात दिसलेली वन्यप्राण्याची कवटी उचलून आणलीत, तर १९७२चा वन्यजीव कायदा आडवा येईल.

मान हाताशी आली, तरी तिच्याबद्दल आधी कुणी काय लिहिलंय ते वाचायला हवंच. तिथे कुलूप लागतं. शोधनिबंध लिहिणाऱ्याला प्रकाशक मानधन देत नाही, तपासणाऱ्यालाही बहुधा नाही. संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकारी तिजोरीतून झालेला. तरी वाचायचं तर पैसे मोजा. घरचंच धान्य, दळणारेही घरचेच, आणि भाकरी मात्र विकत! विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसणाऱ्याला हे जाणवत नाही. प्रोग्रॅमरला पहिल्याच दिवशी जाणवतं. २०१२ साली टेलर यांनी 'गार्डियन'मध्ये लिहून प्रकाशकांना विज्ञानाचे शत्रू म्हटलं, ते काही उगीच नाही.

या कुलपाविरुद्धची चळवळ जुनी आहे. २००२च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने तिला नाव दिलं, ओपन ॲक्सेस. आपल्याकडे तर त्याच्याही आधी, २००१मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयातून निघणारं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' इंटरनेटवर सर्वांना फुकट खुलं झालं होतं. टेलर-वेडल यांचा मानेवरचा मोठा निबंध १२ फेब्रुवारी २०१३ रोजी 'पीअरजे' या खुल्या नियतकालिकात आला, तोही ते सुरू झालं त्याच दिवशी. तेव्हा लेखकाला नव्व्याण्णव डॉलरमध्ये आजन्म सभासदत्व मिळे. ते दिवस फार टिकले नाहीत. आता वाचणं खुलं झालं, तर बोजा लेखकावर पडतो. 'नेचर'ने २०२०मध्ये एका निबंधाचे ९,५०० युरो जाहीर केले. याला मुक्ती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खुद्द 'पीअरजे' २०२४मध्ये टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतलं. आडनावाचा योगायोग, दुसरं काही नाही.

आता आपल्या अंगणातलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या टेकडीत एक सॉरोपॉड सापडला. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटवरून त्याचं आजचं नाव इसिसॉरस. त्याचं मूळ वर्णन १९९७मध्ये छापून आलं, अमेरिकेतल्या 'जर्नल ऑफ व्हर्टिब्रेट पॅलिऑन्टॉलॉजी'त. तेही आज टेलर अँड फ्रान्सिसकडेच, पैसे भरून वाचायचं. केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेने २०२५ पासून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मोजून तीस प्रकाशकांची दारं उघडून घेतली आहेत, पण ती सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांसाठी. डोंगरगावातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांना आपल्या टेकडीतल्या हाडांबद्दल वाचावंसं वाटलं, तर ती दारं त्यांच्यासाठी नाहीत. बोकडाची मान मात्र त्यांनाही मिळेल. वरचा मणका आधीच सांगून ठेवावा लागेल, एवढंच.