दरवान, राजकन्या आणि परमुलूख

परमुलुखातल्या प्रेमाचे चित्रपट पुष्कळ आहेत, पण त्यातली भांडणं खरी वाटावीत असे थोडेच. त्यांत पहिलं नाव वाँग कार-वाईच्या 'हॅपी टुगेदर'चं घ्यायला हवं. १९९७ साली कान महोत्सवात या चित्रपटासाठी त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. हाँगकाँगचे दोन पुरुष, एकमेकांचे प्रियकर, अर्जेंटिनात इग्वासूचा धबधबा बघायला निघतात आणि वाटेतच भांडून वेगळे होतात. मग एकजण ब्युनोस आयर्समध्ये टँगोच्या बारबाहेर दरवानाची नोकरी धरतो. दुसरा हात जखमी करून घेऊन त्याच्याच खोलीत आसऱ्याला येतो. हा त्याला भरवतो, त्याचं अंग पुसतो आणि तो निघून जाऊ नये म्हणून त्याचा पासपोर्ट दडवतो. घरापासून इतकं लांब आल्यावर रुसायलाही तोच माणूस आणि समजूत काढायलाही तोच.

'सैराट'चा (२०१६) उत्तरार्ध आठवा. गाण्यांवर नाचलेलं पब्लिक हैदराबादच्या झोपडपट्टीत शिरल्यावर गप्प झालं होतं. पाटलाच्या पोरीला तिथे भाषा येत नाही, संडासाला जायचीही पंचाईत. ती कारखान्यात कामाला लागते, रुळते, आणि नेमका तेव्हा तिच्यासोबत पळून आलेल्या परश्याच्या मनात संशय शिरतो. तो तिच्यावर हात उगारतो, ती घर सोडते. गावी असती तर चार माणसं मध्ये पडली असती. अर्थात त्या गावातली माणसं मध्ये पडली तर काय होतं, तेही नागराज मंजुळेंनी शेवटी दाखवलंच. अविनाश अरुणच्या 'किल्ला'त प्रियकर-प्रेयसी नाहीत, बदली होऊन कोकणात आलेली विधवा आई आणि मुलगा आहेत. पण एकटेपणाचा मामला तोच.

या पंक्तीत बसेल अशी गोष्ट रत्नागिरीत खरोखर घडून गेली आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ च्या नोव्हेंबरात पदच्युत केलं आणि मद्रासमार्गे १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. तो इथेच, डिसेंबर १९१६ मध्ये वारला. अमिताव घोष यांच्या 'द ग्लास पॅलेस' (२०००) या कादंबरीत तो भेटतो, त्याच्यावर सुधा शहा यांचं 'द किंग इन एक्झाइल' (२०१२) हे मेहनतीने लिहिलेलं पुस्तक आहे. पण आपल्याकडे विषय निघाला की सगळे राजावरच थांबतात: गेलेलं राज्य, विकलेली माणकं, भाट्याच्या खाडीकडे बघणारा राजवाडा.

मला विचाराल तर चित्रपट आहे तो थोरल्या राजकन्येचा. राजधानी मंडाले सुटली तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची होती. वाढली रत्नागिरीत, मराठी बोलायला शिकली ती इथेच. राजघराण्याच्या तोलामोलाचा ब्रह्मी वर इथे मिळणार कुठून? आणि बारीकसारीक गोष्टीलाही सरकारची परवानगी. चार बहिणी लग्नाविना वाढत राहिल्या. घरात माणसांची वर्दळ होती, पण बरोबरीचं कोणी नव्हतं. थोरलीचा जीव जडला तो गोपाळ सावंत या दरवानावर. तो आधीच संसारी होता. १९०६ मध्ये मुलगी झाली, टुटू. गंमत पाहा, कुटुंबासाठी नवा राजवाडा बांधायला निघाला तोही साधारण याच सुमारास. १९१० मध्ये सगळे तिथे राहायला गेले, तेव्हा ही मुलगी चालती-बोलती होती.

पटकथेचा कस लागेल तो पुढे. १९१९ मध्ये राणी सुपयालतला रंगूनला परतायची मुभा मिळाली. थोरली राजकन्याही गेली, आणि काही काळातच मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली. वाँग कार-वाईचा दरवान शेवटी धबधबा एकट्याने बघून घराच्या वाटेला लागतो. ही बाई घरी पोचून उलटी फिरली. तिचं घर कुठलं, याचा निकाल तिने स्वतःच लावला होता. पुढचे दिवस ओढगस्तीचे होते. ती १९४७ मध्ये रत्नागिरीतच वारली. टुटूने इथल्याच माणसाशी लग्न केलं, गोवऱ्या थापून विकल्या, पोरंबाळं वाढवली, आणि २००० साली तीही गेली.

दिग्दर्शकाने मध्यंतर रंगूनच्या बंदरावर घ्यावं. पहिल्या अर्ध्या भागासाठी राजवाडा आयताच उभा आहे. दुसऱ्या अर्ध्याला मात्र एक मोडकं घर, गुरं आणि मराठी संवाद एवढंच लागेल. निर्माता मिळायची अडचण होईल ती तिथे.